परतणं आणि परत करणं : हिब्रू संदेष्टे पश्चात्तापाबद्दल काय म्हणतात?

जानेवारी २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने जाहीर केलं, की अठराव्या शतकात चर्चचा पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनीत गुंतला होता आणि त्याबद्दल आता १० कोटी पौंडांचा निधी उभा केला जाईल. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेतल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १० कोटी डॉलर उभे करण्याचं वचन दिलं होतं. कारण १८३८ सालचं. मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबणारी २७२ माणसं, त्यात बायका आणि तान्ही मुलंसुद्धा, लुइझियानातल्या मळेवाल्यांना १ लाख १५ हजार डॉलरला विकली. त्यातल्या काही पैशातून त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फिटलं.

या बातम्या आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आल्या तेव्हा एका काकांनी विचारलं, "ज्यांनी पाप केलं ते कधीच मेले. आताच्यांनी माफी मागितली, प्रार्थना केली. विषय संपला. पैसे कशाला मध्ये?"

काका निवृत्त बँक कर्मचारी, देवभीरू माणूस. प्रश्न कुत्सित नव्हता. आपल्याला शिकवलेला पश्चात्ताप तसाच तर असतो: मान खाली, डोळ्यांत पाणी, देवाजवळ कबुली. पण बायबलात यशयापासून मलाखीपर्यंत जी पुस्तकं आहेत, ज्यांची पानं आपल्या बायबलात सगळ्यात कोरी करकरीत राहतात, ती वाचली की काकांचा प्रश्न उलटा होतो. तिथे विचारलं जातं, की घेतलेलं परत दिलं नसेल तर माफी नक्की कशाची मागितली?

संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे

आधी एक गैरसमज काढू. या पुस्तकांतल्या माणसांना हिब्रूत 'नबी' म्हणतात. शब्द आपल्याला परका नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी, मलिदा करतात तो एलियाहू हनाबीच्या नावाने. आपण ख्रिस्ती लोक त्याला एलीया संदेष्टा म्हणतो.

संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप पोचवणारा. निरोप बहुतेक वेळा आजचा असतो, उद्याचा नव्हे. डॉक्टर साखरेचा रिपोर्ट बघून म्हणतात, "असंच चालू राहिलं तर पाय जाईल." ते भविष्य सांगत नसतात, इशारा देत असतात, आणि तो खोटा ठरला तर सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच होतो. योनाने निनवेत जाऊन सांगितलं, चाळीस दिवसांत शहर उलथून पडणार. लोक सुधारले, शहर वाचलं. भविष्यकथन म्हणून बघितलं तर योना सपशेल नापास. (तो स्वतः त्यावर रुसून बसला, हा भाग वेगळा.)

आपण मात्र संदेष्टे उघडतो ते ख्रिस्तजन्माचे दाखले शोधायला. नाताळात मीखाचा पाचवा अध्याय हमखास वाचला जातो, कारण त्यात बेथलेहेम आहे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दुसऱ्याचं शेत बळकावण्याचे बेत आखणारे आणि उजाडताच ते तडीस नेणारे लोक त्याच मीखाच्या दुसऱ्या अध्यायात आहेत. तो वाचलेला मला तरी आठवत नाही.

मापात पाप

न्यायाची गोष्ट आमोसपासून सुरू करू. इसवी सनापूर्वीचं आठवं शतक. यरुशलेमच्या दक्षिणेला तकोवा नावाचं गाव. तिथला हा मेंढरं राखणारा, उंबरासारख्या झाडांची फळं पिकवणारा माणूस सरहद्द ओलांडून उत्तरेच्या राज्यात बेथेलला गेला. तिथे दुसरा यराबाम राज्य करत होता. व्यापार तेजीत होता, श्रीमंतांच्या घरात हस्तिदंती जडावकाम होतं. त्या राज्याच्या राजधानीच्या, शोमरोनच्या, उत्खननात तसे नक्षीदार हस्तिदंती तुकडे खरोखर सापडले आहेत.

आमोस तिथल्या धान्य व्यापाऱ्यांच्या मनातलं बोलून दाखवतो: शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो! एफा लहान करू, शेकेल मोठा करू, काटा मारू, गव्हाबरोबर गाळसाळही विकून टाकू.

एफा म्हणजे धान्याचं माप. शेकेल म्हणजे वजन. तेव्हा नाणी नव्हती, चांदी तोलून द्यायची. म्हणजे धान्य देताना माप लहान आणि चांदी घेताना वजन जड. गिऱ्हाईक दोन्हीकडून कापलं जातं. मराठीत याला दोनच शब्द पुरतात: मापात पाप. लहानपणी रॉकेलच्या रांगेत माझी आजी मापाच्या बुडाला हात लावून बघायची. बूड आत दाबलेलं असलं तर ती काही बोलायची नाही, दुकानदाराकडे नुसती बघत उभी राहायची. मग वर थोडं जास्त ओतलं जायचं. आमोस वाचताना मला ते पोचवलेलं बूड दिसतं.

त्याचा खरा राग मात्र चोरीपेक्षा शब्बाथवर आहे. हे लोक सण पाळणारे आहेत. दुकान बंद ठेवतात, भजनं म्हणतात, अर्पणं आणतात. देव त्यांना म्हणतो, तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, गाण्यांचा गोंगाट बंद करा. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, नीतिमत्त्व न आटणाऱ्या ओढ्यासारखं.

इथे दोन हिब्रू शब्द आहेत. 'मिश्पात' म्हणजे न्याय, पण कोर्टाच्या निकालापुरता नव्हे. गावच्या वेशीत वडीलधारे बसून ज्याचं त्याला मिळवून देतात ते सगळं. आपली चावडी डोळ्यांसमोर आणा. 'त्सेदाका' म्हणजे नीतिमत्त्व, माणसाने माणसाशी सरळ वागणं. पुढे याच शब्दाला यहुदी समाजात दानधर्म असा अर्थ आला. म्हणजे गरिबाला देणं हे उपकाराच्या नव्हे, सरळ वागण्याच्या खात्यात जमा.

ओढाही साधा नाही. तिथले बहुतेक ओढे आपल्या मराठवाड्यातल्यासारखे: पाऊस पडला की दोन दिवस रोरावतात, मग कोरडे ठणठणीत. आमोसला बारमाही ओढा हवाय. सणाच्या दिवशी ब्लँकेटं वाटली आणि वर्षभर कामवालीचे खाडे कापले, तर तो दोन दिवसांचा पूर झाला.

एका मजुराचं पांघरूण

मोशेच्या नियमशास्त्रात एक छोटासा नियम आहे. गरिबाचं पांघरूण गहाण ठेवून घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत ते परत दे, कारण त्याच्याकडे तेवढंच असतं. तो रात्री काय पांघरेल? आमोस सांगतो की बेथेलकडचे भाविक अशीच गहाणाची वस्त्रं वेदीशेजारी पसरून त्यांवर आरामात पडतात. भक्ती चालू आहे, खाली दुसऱ्याची घोंगडी आहे.

हे कवीचं अतिरंजन वाटत असेल तर १९६० मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ मसाद हशाव्याहू इथे सापडलेलं एक खापर बघा. इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या अखेरीचं, म्हणजे आमोसनंतर शेदीडशे वर्षांनी. त्यावर शाईने एका कापणीच्या मजुराचा अर्ज लिहिला आहे. लिहिला बहुधा लेखनिकाने, पण बोलणं मजुराचं. नेहमीप्रमाणे कापलं, मोजलं, कोठारात भरलं. तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे भाऊबंद साक्ष देतील. माझा दोष नाही. साहेब, माझं वस्त्र परत करा.

न्यायाबद्दल इतकं नेमकं मागणं दुसरीकडे क्वचित दिसेल. त्याला होशायाहूची दिलगिरी नकोय, वस्त्र हवंय.

एकच धातू, दोन कामं

आता पश्चात्ताप. मराठी शब्द फोडला तर 'पश्चात्' आणि 'ताप': नंतर होणारी जळजळ. म्हणजे शब्दातच भावना आहे. संदेष्टे जो शब्द सारखा वापरतात तो 'शूव', आणि त्यात जळजळ नाही, चाल आहे. शूव म्हणजे वळणं, परत फिरणं. रस्ता चुकलेल्याला वाईट वाटून उपयोग नाही, त्याला उलटं चालावं लागतं.

याच धातूचं प्रयोजक रूप 'हेशीव' म्हणजे परत करणं. आणि इथे मराठी वाचकाचं नशीब जोरावर आहे. आपल्याकडेही परतणं आणि परत करणं ही एकाच घरातली आहेत. इंग्रजीतून बायबल वाचणाऱ्याला जे समजावून सांगावं लागतं ते आपल्या कानाला आपोआप कळतं. पंडिता रमाबाई केडगावला राहून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून मराठी बायबल केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये छापून आलं. एवढा खटाटोप का, ते असा एखादा धातू हाती लागला की उमगतं.

यहेज्केल तेहेतिसाव्या अध्यायात दोन्ही अर्थ शेजारी ठेवतो: दुष्ट माणूस पापापासून परतला, गहाण ठेवून घेतलेलं त्याने परत केलं, लुबाडलेलं फेडलं, तर तो जगेल. रडला तर, असं तिथे म्हटलेलं नाही. रडू नये असंही नाही. योएल म्हणतो तसं वस्त्रं नको, हृदयं फाडा. पण फाटलेलं हृदय पुढे हाताला कामाला लावतं.

यरुशलेममधली सुटका, थोड्या दिवसांची

या धातूचा सगळ्यात कडवट खेळ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. मला विचाराल तर पश्चात्तापावरचा याच्याइतका बोलका प्रसंग अख्ख्या बायबलात नाही, आणि प्रवचनात मी तो एकदाही ऐकलेला नाही.

इसवी सनापूर्वी ५८८ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमला वेढा घातला. यहूदातली, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेच्या राज्यातली, तटबंदीची बाकी गावं पडली, लाखीश आणि अजेका एवढीच उरली, असं हाच अध्याय सांगतो. १९३५ मध्ये लाखीशच्या उत्खननात त्याच काळातली खापरांवरची पत्रं मिळाली. त्यांतल्या एकात चौकीवरचा माणूस लिहितो, आम्ही लाखीशच्या जाळाच्या खुणांकडे डोळे लावून आहोत, अजेका दिसत नाही.

अशा वेळी राजा सिद्कीयाने शहरातल्या लोकांकडून करार करवून घेतला: प्रत्येकाने आपले हिब्रू दास-दासी मोकळे करायचे. कायदा जुनाच होता, कर्जापायी दास झालेला सहा वर्षं राबेल आणि सातव्या वर्षी सुटेल. पाळत कोणी नव्हतं. आता देवळात वासरू मधोमध चिरून, त्याच्या दोन भागांमधून चालत शपथ घेतली गेली. 'करार मोडला तर आमचं असं होवो' असा त्याचा अर्थ. माणसं सुटली. यिर्मयाच्या तोंडून देव कबूलही करतो, तुम्ही परतलात, माझ्या दृष्टीने योग्य ते केलंत.

मग इजिप्तचं सैन्य निघाल्याची बातमी आली आणि बाबेलवाल्यांनी वेढा उठवला. शहराने श्वास सोडला. मालकांनी काय केलं? एका वाक्यात सांगितलंय, आणि हिब्रूत ते कानाला बोचतं: 'वायाशूवू' ... 'वायाशीवू'. ते परतले, आणि दासांना त्यांनी परत आणलं. पश्चात्तापाचा तोच शब्द, चाल उलटी. कालपर्यंत मोकळी असलेली बाई पुन्हा त्याच जात्यावर.

यावर यिर्मयाचा निरोप असा: तुम्ही आपल्या भावांना मोकळीक दिली नाही, तर मी तुम्हाला मोकळीक देतो – तलवारीला, मरीला, दुष्काळाला. आणि निघून गेलेलं सैन्य? देव म्हणतो, मी त्यांना या शहरात परत आणतो. पुन्हा तोच धातू. सैन्य आलं आणि थोड्याच काळात शहर पडलं, जळलं.

त्या मालकांचा पश्चात्ताप ढोंगी होता असं मला वाटत नाही. वेढ्यात भीती खरी होती, शपथही खरी असेल. पण दास सोडल्यावर घरात जो खड्डा पडला, पाणी कोण भरेल, दळण कोण दळेल, तो सोसायची तयारी नव्हती. दवाखान्यातल्या बिछान्यावर केलेले आपले नवस आठवा.

पण तारण कृपेने मिळतं ना?

ख्रिस्ती माणसाचा हा पहिला आक्षेप, आणि रास्त. कर्म मोजून देवाची माफी विकत घेता येत नाही.

येशूने जक्कयाला "आधी पैसे परत कर, मग जेवायला येतो" असं म्हटलं नाही. त्या जकातदाराच्या घरी जाण्याचं त्याने आधीच ठरवलं. कृपा पहिली. त्यानंतर जक्कय आपणहून उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. चौपट हा आकडा नियमशास्त्रातला आहे. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्यावी लागत. "आज या घराला तारण प्राप्त झालं" हे येशू बोलतो ते त्यानंतर. परतफेड ही माफीची किंमत नव्हे. माफी घरात शिरल्याची ती खूण आहे.

यशयाच्या पहिल्या अध्यायातलं अठरावं वचन, पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, अनेकांच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेलं असतं. त्याच्या लगेच वरचं सतरावं म्हणतं, न्यायाच्या मागे लागा, अनाथाला न्याय मिळवून द्या, विधवेची बाजू घ्या. ते फ्रेममध्ये मावत नाही बहुधा.

हे राजकारण नव्हे का?

हा आक्षेप आमोसलाही ऐकावा लागला. बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणाला, द्रष्ट्या, तुझ्या यहूदा देशात जा, तिथे भाकरी मिळव; इथे बोलू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. राजाचं! देवाचं म्हणायचं त्याला सुचलंही नाही. आमोस कुठल्या गटाचा नव्हता. त्याच्या पुस्तकाची सुरुवात बघा: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, एकेका शेजाऱ्याचे गुन्हे. ऐकणारे माना डोलावत असणार. मग यहूदा. आणि मग फास थेट ऐकणाऱ्यांच्याच गळ्यात, सगळ्यात लांबलचक यादीसह.

मग हे यहुद्यांनाच उद्देशून नाही का?

हा आक्षेप जपून हाताळायला हवा, कारण ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं नेमकी हीच वचनं यहुद्यांविरुद्ध वापरली: बघा, यांचे स्वतःचे संदेष्टे यांना काय म्हणतात. घरातल्या आईने मुलाला घातलेल्या शिव्या शेजाऱ्याने पुरावा म्हणून वापराव्यात, तसं ते झालं. संदेष्ट्यांनी आपल्याच लोकांना झोडपलं, आणि त्या लोकांनी ते झोडपणं पवित्र मानून जपून ठेवलं. किती समाज असं करतात?

योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्याला बेने इस्राएल दारफाळणीचा सण म्हणत आले, सभास्थानात यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. लोक तक्रार करतात, आम्ही उपास केला, देवा तू पाहिलं का नाहीस? उत्तर येतं, उपासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना पिळता. अन्यायाच्या बेड्या सोडा, उपाशी माणसाबरोबर भाकर वाटून खा, हा माझा उपास. मिश्ना नावाच्या जुन्या यहुदी संहितेत स्पष्ट लिहिलंय, की माणसाचा माणसाशी झालेला गुन्हा योम किप्पूरने धुतला जात नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. कॅथलिक उपवासकाळात, राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी, हाच अठ्ठावन्नावा अध्याय वाचला जातो. आपण ख्रिस्ती जेव्हा ही पुस्तकं उघडतो तेव्हा 'तुम्ही'च्या जागी आपणच उभे असलो पाहिजे.

भारतात त्या जागी काय दिसतं? २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण काढून मान्य केलं, की चर्चच्या आत अस्पृश्यता आजही आहे. देशात काही ठिकाणी मेल्यावरही दफनभूमी वेगळी. कबुली झाली, चांगलंच झालं. यहेज्केल पुढचं विचारेल: घेतलेलं काय काय होतं, आणि परत काय केलं?

गुन्हेगार मेले, मग कोणी कोणाला द्यायचं?

काकांचा मूळ प्रश्न. त्याला बळही आहे, कारण यहेज्केलच अठराव्या अध्यायात ठणकावून सांगतो की बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही.

आता एक बांध घ्या. आजोबांनी दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरला. आजोबा गेले, शेजारीही गेला. नातू चोर नाही, त्याने कुळवसुद्धा हातात धरलेला नसेल, पुण्यात आयटीत असेल. पण ती पट्टी त्याच्या शेतात आहे आणि तिच्यावरचा ऊस त्याच्या बँकेत. गुन्हा वारसाने येत नाही, गुंठे येतात. नातवाने शेजाऱ्याच्या नातवाकडे पेढे घेऊन जाऊन "आजोबांच्या वतीने सॉरी" म्हटलं आणि बांध तिथेच ठेवला, तर गाव काय म्हणेल? जॉर्जटाउनचे आजचे विद्यार्थी दोषी आहेत असं कोणी म्हटलेलं नाही. पण ज्या पैशाने कॉलेज तरलं ते कॉलेज उभं आहे, आणि त्या २७२ जणांचे वंशजही आहेत, नावानिशी. विक्रीच्या यादीतलं पहिलं नाव आयझॅक हॉकिन्स; २०१७ मध्ये तिथल्या एका इमारतीला ते दिलं गेलं.

पीडिताचं कोणीच उरलं नसेल तर? गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याचीही सोय आहे. दोषी माणसाने कबुली द्यावी, मुद्दल पूर्ण परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा. ज्याचं नुकसान केलं त्याला हे सगळं द्यावं. घ्यायला जवळचा नातलगही नसेल, तर ती भरपाई देवाची म्हणून याजकाकडे जावी. चोरणाऱ्याच्या घरात मात्र ती कुठल्याही परिस्थितीत राहत नाही.

हे सगळं मी काकांना लिहून पाठवलं. दोन निळ्या टिका लगेच उमटल्या. उत्तर रात्री आलं: "पाचवा हिस्सा म्हणजे वीस टक्के. पण मुद्दल कुठल्या सालच्या भावाने धरायचं?"